'पिंजरा'चे पुनःप्रदर्शन : जुन्या कौटुंबिक चित्रपटांतील समूहचित्रणाचा प्रश्न

प्रास्ताविक

व्ही. शांताराम दिग्दर्शित 'पिंजरा' हा चित्रपट 1972 साली प्रदर्शित झाला आणि डिजिटल तंत्राने संस्कारित केलेली त्याची प्रत 2016 मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आली. या पुनःप्रदर्शनाचे मराठी प्रेक्षकांनी आनंदाने स्वागत केले. रंग उजळले, ध्वनी स्वच्छ झाला आणि राम कदम यांचे संगीत, जगदीश खेबुडकर यांची गीतरचना व उषा मंगेशकर यांचा स्वर नव्या पिढीपर्यंत पोचला. या सगळ्या आनंदात एक प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. ज्या तमासगीर स्त्रीच्या चित्रणावर हा चित्रपट उभा आहे, त्या चित्रणाचे चव्वेचाळीस वर्षांनंतर काय करायचे?

जुन्या कौटुंबिक चित्रपटांत एखाद्या वंशाचे, जमातीचे वा जातसमूहाचे चित्रण आक्षेपार्ह असेल, तर चित्रसंस्थांनी ते चित्रपट पुन्हा प्रदर्शित करावेत की नाहीत, हा प्रश्न जगभर चर्चिला जात आहे. अमेरिकेत त्याचे स्वरूप वांशिक आहे. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने जातीचा आणि जातीशी बांधल्या गेलेल्या व्यवसायाचा आहे. प्रस्तुत लेखात 'पिंजरा'च्या निमित्ताने या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. पुनःप्रदर्शन म्हणजे जुन्या कृतीची निव्वळ आवृत्ती नव्हे, ती एक नवी कृती असते. म्हणून तिची जबाबदारीही नव्याने येते, ही या लेखाची मध्यवर्ती भूमिका आहे.

पाश्चात्त्य अनुभव : दडवणे आणि दाखवणे

या संदर्भात अमेरिकेतील दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. डिस्ने या संस्थेचा 'सॉंग ऑफ द साउथ' हा 1946 सालचा चित्रपट मुलांसाठी आणि कुटुंबासाठी होता. मळ्यावरील कृष्णवर्णीय माणसांचे गोड, समाधानी आणि मालकनिष्ठ असे चित्र त्याने रंगवले. अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो अखेरचा 1986 मध्ये पुनःप्रदर्शित झाला. त्यानंतर संस्थेने तो मागे घेतला आणि तेथील घरगुती वापरासाठी त्याची चित्रफीत वा तबकडीही काढली नाही. हा निर्णय वरवर पाहता संवेदनशील वाटतो. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. या चित्रपटात अंकल रीमसची भूमिका करणारे जेम्स बास्केट हे कृष्णवर्णीय अभिनेते अटलांटा येथील पहिल्या खेळास उपस्थित राहू शकले नाहीत, कारण त्या शहरात वर्णभेदाचे कायदे लागू होते. पुढे 1948 मध्ये त्यांना विशेष ऑस्कर देण्यात आले. चित्रपट दडवल्याने संस्थेची अडचण दूर झाली. त्याबरोबर बास्केट यांचा अभिनय आणि त्यांच्यावर झालेला अन्याय असे दोन्ही लोकांच्या नजरेआड गेले.

दुसरे उदाहरण 'गॉन विथ द विंड' या 1939 सालच्या चित्रपटाचे आहे. जून 2020 मध्ये एचबीओ मॅक्स या वाहिनीने तो काही काळ काढून घेतला आणि थोड्याच दिवसांत पूर्ण स्वरूपात परत आणला. परत आणताना चित्रपटाच्या अभ्यासक प्राध्यापक जॅकलिन स्टुअर्ट यांचे प्रास्ताविक त्यास जोडले होते. चित्रपट का पाहावा आणि पाहताना कशाचे भान ठेवावे, हे त्यांनी सांगितले. स्टुअर्ट स्वतः कृष्णवर्णीय आहेत, ही बाब येथे गौण नाही. ज्या समूहाचे चित्रण वादग्रस्त ठरले, त्या समूहातील एक जाणकार व्यक्ती चित्रपटाच्या उंबरठ्यावर उभी राहिली आणि प्रेक्षकाशी बोलली.

एका उदाहरणात चित्रसंस्थेने मौन पत्करले, तर दुसऱ्यात बोलण्याची व्यवस्था केली. मराठी चित्रपटाच्या बाबतीत तिसरीच गोष्ट घडलेली दिसते. येथे चित्रपट दडवला गेला नाही आणि त्याविषयी कोणी बोललेही नाही. तो साजरा केला गेला.

तमाशापट : कुटुंबाचा तमाशा, तमासगिरांविना

तमाशा हा महाराष्ट्राचा लोकनाट्यप्रकार म्हणून गौरवला जातो. परंतु तो ज्यांनी जगवला ते कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतून आले, हा त्याचा सामाजिक पाया आहे. ढोलकी फडाचा तमाशा आणि संगीत बारी या दोन्ही प्रकारांत स्त्री कलावंताच्या वाट्याला कलेची वाहवा आणि चारित्र्याविषयीचा संशय एकाच वेळी आला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. पुढे ती उठली, पण वगाची संहिता आधी तपासून घेण्याचे बंधन मागे राहिले. 'सुधारलेला' तमाशा हवा, ही मागणी पांढरपेशा समाजाची होती.

नेमक्या याच काळात मराठी चित्रपटाने तमाशा उचलला. राजकमल कलामंदिराचा 'लोकशाहीर राम जोशी' 1947 मध्ये आला. अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' 1959 मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. तमाशापट हा मराठी चित्रपटाचा हमखास यशस्वी प्रकार ठरला. यातील विसंगती लक्षणीय आहे. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातील स्त्रिया तमाशाच्या कनातीत पाऊल टाकीत नसत, पण तमाशापटाला त्या सहकुटुंब जात होत्या. पडद्याने लावणी घरात आणली. मात्र ती आणताना लावणी गाणारी, नाचणारी मूळ स्त्री बहुधा बाहेरच ठेवली. तिच्या जागी अन्य अभिनेत्री आली, तिच्या आवाजाच्या जागी पार्श्वगायिकेचा आवाज आला आणि तिच्या कथेच्या जागी तिच्याविषयीची कथा आली.

शर्मिला रेगे यांनी 1995 सालच्या आपल्या लेखात लावणी कलावंतांच्या श्रमाचे व लैंगिकतेचे वर्चस्वशाली वर्गाने कसे अपहरण केले, याची मांडणी केली आहे. मूळच्या कोपरगाव तालुक्यातील पोहेगावच्या असलेल्या इतिहास-अभ्यासक शैलजा पैक यांनी 2022 साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणुसकी' या संकल्पनांच्या आधारे उलगडला आहे. एखाद्या कलेला अश्लील ठरवणारा आणि तीच कला अस्सल म्हणून मिरवणारा समाज एकच असतो, हे या अभ्यासांतून प्रकर्षाने जाणवते. 'पिंजरा'कडे याच दृष्टीने पाहणे आवश्यक आहे.

'पिंजरा' : कथाबीजाचे स्थलांतर

'पिंजरा'चे कथाबीज योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या 'द ब्लू एंजल' या 1930 सालच्या जर्मन चित्रपटाशी जोडले जाते. त्या चित्रपटाला हाइनरिख मान यांच्या 1905 सालच्या कादंबरीचा आधार होता. एक शिस्तप्रिय शिक्षक रात्रीच्या मनोरंजनगृहातील गायिकेच्या मोहात पडतो, सर्वस्व गमावतो, विदूषक होतो आणि अखेरीस आपल्या जुन्या वर्गात परतून मेजाशीच प्राण सोडतो, असे ते कथानक आहे. 'पिंजरा'त हा शिक्षक गावाचे आदर्श गुरुजी होतो आणि गायिकेच्या जागी चंद्रकला ही तमाशातील नर्तकी येते. श्रीराम लागू यांनी गुरुजी आणि संध्या यांनी चंद्रकला साकारली आहे.

मूळ कथेतील गायिका लोला ही व्यक्ती आहे. तिचा व्यवसाय तिने निवडलेला आहे. तिच्या वागण्यातून जर्मनीतील एखाद्या समूहाविषयी प्रेक्षक निष्कर्ष काढीत नाही. हेच बीज महाराष्ट्रात रुजवताना गायिकेची जागा तमासगीर स्त्रीला मिळते आणि अर्थ मुळातून बदलतो. येथे व्यवसाय जन्माने मिळतो, आईकडून मुलीकडे जातो आणि त्याला जातीचे नाव असते. त्यामुळे चंद्रकलेचा सूड, तिचे विभ्रम आणि गुरुजींना तमाशात तुणतुणे धरायला लावण्याची तिची प्रतिज्ञा हे सारे एका स्त्रीचे न राहता 'तमाशातल्या बायका अशाच असतात' या आधीच तयार असलेल्या समजुतीला येऊन मिळते. चित्रपट जातीचा प्रश्न आपल्या मांडणीचा विषय करीत नाही. पण प्रेक्षक तो मनात घेऊनच आलेला असतो. व्यक्तिदोषाचे समूहदोषात असे रूपांतर होणे, हेच आक्षेपार्ह समूहचित्रणाचे खरे लक्षण होय.

चित्रपटाची रचनाही या समजुतीला बळ देते. सुधारलेले, स्वच्छ, सदाचारी गाव एका बाजूला आणि गावाबाहेरचा तमाशा दुसऱ्या बाजूला अशी ही मांडणी आहे. दुसऱ्याच एका मृतदेहाला गुरुजींचा देह समजून गाव त्यांना मृत मानते, त्यांचा पुतळा उभारते आणि जिवंत गुरुजी तमाशाबरोबर फिरत राहतात. शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली ते मृत्युदंड पत्करतात, पण गावाच्या मनातील आदर्शाला तडा जाऊ देत नाहीत. गुरुजींची प्रतिमा वाचते. तमाशावरचा ठपका तसाच राहतो, कारण तो पुसण्याची गरज कथेला वाटत नाही.

चित्रपटाची दुसरी बाजू

असे असले तरी 'पिंजरा' हा तमासगीर स्त्रीची केवळ निंदा करणारा चित्रपट आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चंद्रकलेच्या रागाला कारण आहे. तिचा फड गावाने बोलावला, गाव तिच्या खेळाकडे ओढले गेले आणि गुरुजींनी नीतीच्या नावाखाली तिला हाकलून लावले. तिचे पोट आणि तिचा मान या दोहोंवर आघात झाला. गुरुजींची ही कृती पडद्यावर येण्यापूर्वी सुमारे पंचवीस वर्षे सरकारने तमाशाबाबत जे केले होते, त्याचीच आठवण करून देते. पुढे चंद्रकलेचा सूड विरत जातो आणि तिच्या मनात गुरुजींविषयी खरा जिव्हाळा निर्माण होतो. ज्या आदर्शावर गुरुजी उभे होते तो किती ठिसूळ होता आणि गावाला माणसापेक्षा पुतळा कसा प्रिय असतो, हेही चित्रपट निर्भीडपणे दाखवतो. शंकर पाटील यांच्या संवादांतील ग्रामीण बोली आणि निळू फुले यांच्यासारख्या नटांचा अभिनय हे तर मराठी चित्रपटाचे धन आहे.

म्हणजेच एकाच चित्रपटात तमासगीर स्त्रीवर अन्याय करणारी रचना आहे आणि त्या अन्यायाचा पुरावाही आहे. चित्रपट दडवला तर दोन्ही जातील आणि नुसता साजरा केला तर पुरावा कोणाला दिसणार नाही.

'त्या काळी चालत होते' हा युक्तिवाद

अशा चर्चेत एक आक्षेप हमखास घेतला जातो. जुन्या कलाकृतीला आजची मोजपट्टी लावू नये, त्या काळी हे चालत होते, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद वरकरणी समंजस आहे; परंतु 'चालत होते' म्हणजे कोणाला चालत होते, हे तो सांगत नाही. ज्या 1972 साली 'पिंजरा' आला, त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. गावाबाहेर ठेवलेल्या माणसांनी स्वतःविषयी स्वतःच्या भाषेत बोलायला सुरुवात केली, तेच हे वर्ष होते. त्या वेळी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आपल्या फडासह गावोगाव खेळ करीत होत्या. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या या कलावंताचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले आणि 2002 मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. मोजपट्टी त्या काळीही होती. ती ज्यांच्या हाती होती त्यांना चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीवर किंवा परीक्षणाच्या स्तंभात स्थान नव्हते, इतकेच.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या 1994 सालच्या आत्मकथनाने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. नर्तकी आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाला शाळेत आणि समाजात काय सोसावे लागते, हे त्यांनी आतून सांगितले. 'पिंजरा'त चंद्रकलेला मूल नाही. असते तर गुरुजींच्या शाळेत त्याला कोठे बसवले गेले असते, हा प्रश्न काळे यांचे आत्मकथन वाचल्यानंतर टाळता येत नाही.

कात्री, पाटी आणि प्रास्ताविक

वादग्रस्त चित्रपट पुन्हा आणताना चित्रसंस्थेपुढे सामान्यतः चार मार्ग असतात : चित्रपट न आणणे, आक्षेपार्ह भाग कापून आणणे, आरंभी सूचनेची पाटी लावणे आणि संपूर्ण चित्रपट चर्चेच्या चौकटीत आणणे.

पहिला मार्ग महाराष्ट्रात व्यवहार्यही नाही. जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर सतत पाहिले जातात. चित्रसंस्थेने हात आखडता घेतला तरी चित्रण थांबत नाही, थांबतो तो केवळ विचार. शिवाय मराठी चित्रपटाचा वारसा मुळातच तुटपुंजा उरला आहे. पुण्यात 2003 मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या आणि त्यांत प्रभातच्या ठेव्याचेही नुकसान झाले. जे आगीतून वाचले ते संकोचापोटी गमावणे शहाणपणाचे नाही.

कात्रीचा मार्ग त्याहून घातक आहे. शांताराम यांच्याच संत एकनाथांवरील 1935 सालच्या चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे ते 'धर्मात्मा' करावे लागले. बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केलेला आणि अस्पृश्यतेचा प्रश्न हाताळणारा हा चित्रपट आज पाहताना मूळ नाव कशासाठी खटकले होते, हे पडद्यावरून कळत नाही. कात्री आक्षेपाबरोबर आक्षेपाचा इतिहासही कापून टाकते. 'पिंजरा'तून चंद्रकलेचे विभ्रम कापले तर प्रेक्षक अधिक संवेदनशील होणार नाही. त्याला फक्त काय घडले होते ते कळणार नाही.

पाटीचा मार्ग सोपा आहे. डिस्नेने 2020 मध्ये 'डम्बो', 'पीटर पॅन' अशा चित्रपटांच्या आरंभी नकारात्मक चित्रणाविषयीची ठळक सूचना लावली होती. भारतीय प्रेक्षकाला पाट्यांची सवय आहे. 2012 पासून पडद्यावर सिगारेट पेटली की खाली तंबाखूविरोधी इशारा उमटतो आणि तो वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. चित्रपटांच्या प्रमाणपत्रात 2023 च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षे असे वयोगट आले, परंतु वय सांगणारी श्रेणी समूहाविषयी काहीच सांगत नाही. पाटी आवश्यक असू शकते, पुरेशी मात्र नाही. पाटीने चित्रसंस्था मोकळी होते. प्रेक्षक आहे तेथेच राहतो.

चौथा मार्ग कष्टाचा असला तरी हितावह आहे. चित्रपट अखंड दाखवावा आणि त्याच्या आरंभी वा अखेरीस ज्यांचे चित्रण आहे त्यांना बोलू द्यावे. 'पिंजरा'पूर्वी दहा मिनिटे एखाद्या फडमालकिणीने किंवा बारीतील ज्येष्ठ कलावंताने प्रेक्षकांना आपला व्यवसाय समजावून सांगितला, तर चंद्रकला पाहण्याची दृष्टी बदलेल. लावणीच्या अदाकारीतील कोणती गोष्ट पडद्यासाठी रचलेली आहे आणि कोणती फडावरची आहे, हे त्यांच्याइतके कोण सांगू शकेल? अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला अशा व्यक्तींची वाण नाही. स्वतःच्या नावाचा फड चालवणाऱ्या कांताबाई सातारकर यांची कर्मभूमी संगमनेर होती आणि 2021 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तमाशाचा एक चालताबोलता इतिहास या जिल्ह्यात नांदत होता. जामखेडची कला केंद्रे आजही परिचित आहेत. 2016 मध्ये संस्कारित प्रत तयार होत असताना कांताबाईंसारख्या कलावंताचे मनोगत चित्रपटास जोडले गेले असते, तर ते मराठी चित्रपटाच्या इतिहासातील मोलाचे दस्तऐवज ठरले असते. ती संधी आता परत येणार नाही. अन्य ज्येष्ठ कलावंतांच्या बाबतीत मात्र ती अजून आहे आणि दरवर्षी कमी होत आहे.

महाविद्यालयीन वर्ग : एक पुनःप्रदर्शन

हा प्रश्न केवळ चित्रसंस्थांचा नाही. साहित्यकृतीच्या माध्यमांतराचा किंवा लोककलांचा अभ्यास शिकवताना मराठी विभागांत तमाशापट दाखवले जातात. वर्गातील असा प्रत्येक खेळ हे एक छोटे पुनःप्रदर्शनच असते आणि तेथे चित्रसंस्थेची जागा अध्यापकाने घेतलेली असते. गोदावरीकाठी पुणतांबा, कोपरगाव, राहाता या परिसरातील गावांना यात्रेतला तमाशा नवा नाही. या भागातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत ढोलकीवाल्याचा नातू किंवा बारीत नाचलेल्या स्त्रीची मुलगी असू शकते. ती आपली ओळख सांगेलच असे नाही. पडद्यावर चंद्रकला आली की मागच्या बाकांवरून शिट्टी येते. त्या शिट्टीचे काय करायचे, हे चित्रपट सुरू होण्यापूर्वी अध्यापकाने ठरवलेले असले पाहिजे. 'पिंजरा'सोबत 'कोल्हाट्याचं पोर'मधील एखादे प्रकरण वाचून घेणे, चित्रपटानंतर चंद्रकलेच्या बाजूने कथा पुन्हा सांगण्यास विद्यार्थ्यांना प्रवृत्त करणे, परिसरातील तमासगिरांच्या मुलाखती प्रकल्प म्हणून देणे, हे उपाय खर्चिक नाहीत.

निष्कर्ष

1. आक्षेपार्ह समूहचित्रण असलेले जुने कौटुंबिक चित्रपट पुनःप्रदर्शित करावेत, मात्र ते अखंड असावेत. दडवणे आणि कापणे या दोन्ही मार्गांनी चित्रणाबरोबर त्याचा पुरावाही नष्ट होतो.

2. पाश्चात्त्य चर्चेतील वंशाचा प्रश्न मराठी चित्रपटात जात आणि जातीशी जखडलेला व्यवसाय या रूपाने येतो. परकीय कथाबीज स्वीकारताना 'पिंजरा'त व्यक्तीचा दोष समूहाचा दोष कसा झाला, हे पाहिल्यास याची खात्री पटते.

3. चित्रसंस्थेने केवळ रंग आणि ध्वनी यांचा संस्कार करून थांबू नये. पुनःप्रदर्शन ही नवी कृती असल्याने ज्यांचे चित्रण झाले त्यांचे म्हणणे तिच्यासोबत यावे.

4. तमाशातील ज्येष्ठ कलावंतांच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित करून त्या जुन्या तमाशापटांच्या संस्कारित प्रतींना जोडण्याचे काम संग्रहालये, चित्रसंस्था व महाविद्यालये यांनी एकत्रितपणे आणि तातडीने हाती घ्यावे.

'पिंजरा'तील गाव गुरुजींचा पुतळा उभारते आणि जिवंत माणसाकडे पाठ फिरवते. जुन्या चित्रपटांचा झगमगीत पुनःप्रदर्शनसोहळा करून तमासगीर स्त्रीला विसरणारा समाज त्या गावापेक्षा फारसा निराळा ठरत नाही.